‘टू अवर-ओल्ड सॅम्पल्स’: अर्धवट हायफनचं एक प्रकरण

वाक्य अगदी साधं होतं: ‘रिपीट द टेस्ट ऑन टू अवर-ओल्ड सॅम्पल्स.’ रक्ततपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या कार्यपद्धतीच्या दस्तऐवजातलं, म्हणजे तिथली मंडळी ज्याला एसओपी म्हणतात त्यातलं. इंग्रजी म्हणून त्यात काही खोट काढता येत नाही. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर त्याला मुकाट्याने पुढे सोडतं. वाक्य सांगतं की तासाभरापूर्वीचे दोन नमुने घ्या आणि चाचणी पुन्हा करा.

लेखकाला म्हणायचं होतं की दोन तासांपूर्वीचे नमुने घ्या. किती घ्यायचे हे त्या वाक्यात नव्हतंच, ते खालच्या तक्त्यात होतं. मूळ फाइलमध्ये ‘टू-अवर-ओल्ड सॅम्पल्स’ असं तिन्ही शब्द जोडून लिहिलेलं होतं. छापील प्रतीपर्यंत येता येता दोनपैकी एक रेघ, म्हणजे हायफन, गळली आणि वाक्याचा अर्थ बदलला.

चाचणी होती ती नमुना ठेवून दिल्यावर ग्लुकोजची पातळी किती उतरते हे पाहण्याची. अपकेंद्रण न करता, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पेशी वेगळ्या न करता, रक्त तसंच ठेवलं, तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि खोलीच्या तापमानाला पातळी तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणजे एक तास की दोन तास हा इथे किरकोळ तपशील नाही, तोच तर मोजायचा आहे. प्रयोगशाळेच्या दोन शाखांनी ही चाचणी केली. पहिल्या शाखेत मूळ फाइलची जुनी छापील प्रत भिंतीवर लावलेली होती, दुसरीत नव्या प्रणालीतून काढलेली प्रत होती. आकडे एकत्र आले तेव्हा दुसऱ्या शाखेतली घट पहिलीच्या निम्म्याहूनही कमी दिसली, आणि नोंदीही प्रत्येक गटामागे दोनच.

संशय आधी यंत्रावर गेला. मग खोलीच्या तापमानावर, मग नळ्यांच्या खेपेवर. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राच्या मोजणीची जुळणी, पुन्हा झालं. वाक्यावर संशय घ्यायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्यात नवल नाही. वाचताना अडखळायला झालं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. इथे अडखळण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या शाखेतल्या तंत्रज्ञाने वाक्य जसं होतं तसं वाचलं आणि तंतोतंत पाळलं.

माझ्याकडे ही एसओपी आली ती पुढच्या आवृत्तीसाठी इंग्रजी तपासायला. आकड्यांच्या भानगडीशी माझा संबंध नव्हता. मला खुपलं ते वेगळंच होतं. एका तक्त्याचं शीर्षक होतं: ‘टू अँड फोर अवर-ओल्ड सॅम्पल्स’. दोन आणि चार नमुने, तासाभराचे? असं कुणी कशाला लिहील? मी मूळ फाइल मागवली. तिथे शीर्षक होतं ‘टू- अँड फोर-अवर-ओल्ड सॅम्पल्स’. इंग्रजीत सामाईक उत्तरपद एकदाच लिहायचं असलं की पहिल्या शब्दाला हायफन असा लोंबता ठेवतात. ‘याचा उरलेला भाग पुढे येतोय’ एवढं तो सांगतो. नव्या प्रतीत ही लोंबती रेघ कुणीतरी चुकीने राहिलेली समजून पुसली होती. मग मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळीने वाचत गेले आणि त्या वाक्यापाशी पोचले.

रेघ गेली कुठे

मूळ लेखक काटेकोर गृहस्थ आहेत. आकडा ओळीच्या शेवटी आणि एकक पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेलेलं त्यांना चालत नाही. म्हणून ‘टू’ आणि ‘अवर’ यांच्यामध्ये त्यांनी वर्डमधला न तुटणारा हायफन घातला होता, जो कंट्रोल आणि शिफ्ट दाबून हायफन टंकला की येतो. ‘अवर’ आणि ‘ओल्ड’ यांच्यामध्ये मात्र साधा, कीबोर्डवरचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

फाइलच्या पोटात मात्र सारखे नसतात. वर्डची डॉक्एक्स फाइल म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फाइलींचा संच; या फाइलींत कुठला भाग कशाचा हे खुणेच्या शब्दांनी, म्हणजे टॅगने, सांगितलेलं असतं. त्यात आपण टंकलेला मजकूर एका विशिष्ट टॅगच्या आत बसतो आणि साधा हायफन त्या मजकुराचाच भाग असतो. न तुटणारा हायफन मात्र मजकुराबाहेर, स्वतःच्या वेगळ्या टॅगच्या रूपात साठवलेला असतो. प्रयोगशाळेने सगळ्या एसओपी नव्या दस्तऐवज-प्रणालीत हलवल्या तेव्हा आयात करणाऱ्या प्रोग्रामने फक्त मजकुराचे टॅग उचलले. बाकीचं मागे राहिलं. हायफनच्या जागी मोकळी जागासुद्धा उरली नाही, दोन शब्द एकमेकांना चिकटले आणि तयार झालं ‘टूअवर-ओल्ड’.

याखाली स्पेलिंग चुकल्याची लाल रेघ आली. आयात झालेला मजकूर साफ करणाऱ्याने चिकटलेले शब्द सोडवले. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. प्रणालीत बदलांची नोंद राहते, ती मी पाहिली. त्या ओळीपुढे फक्त ‘स्पेस वाढवली’ एवढंच लिहिलेलं होतं. दस्तऐवजभर अशा नोंदी होत्या आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या. ‘सिंगल-यूज’चं ‘सिंगल यूज’ झालं, कुणाचं काही बिघडलं नाही. ‘नॉन-फास्टिंग’ चिकटून एक शब्द झाला, तोही इंग्रजीत चालतो. फक्त ‘री-कव्हर्ड ट्यूब्ज’, म्हणजे पुन्हा झाकण लावलेल्या नळ्या, चिकटून ‘रिकव्हर्ड’ झाल्या. आता वाचणाऱ्याला वाटावं की त्या कुठेतरी हरवल्या होत्या आणि सापडल्या. तिथे लाल रेघही येत नाही, कारण तो शब्दकोशातला शब्द आहे.

विग्रह करून पाहू

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे प्रकरण समजावायला माझ्या मते समासाच्या विग्रहाइतकं चांगलं साधन नाही. इंग्रजीत नामाच्या आधी शब्दांची रांग लागली की प्रश्न एकच असतो: यातला कोण कुणाशी आधी जोडला जातो? रांगेतला प्रत्येक शब्द मुळात शेवटच्या नामाकडे जायला बघत असतो. हायफन त्याला अडवून शेजारच्याशी बांधतो आणि मग ती जोडी एकच विशेषण म्हणून नामाकडे जाते.

‘टू-अवर-ओल्ड सॅम्पल्स’मध्ये तिन्ही शब्द एका मुठीत आहेत, म्हणजे दोन तास जुने असे नमुने. ‘टू अवर-ओल्ड सॅम्पल्स’मध्ये मूठ दोघांचीच आहे. ‘टू’ बाहेर मोकळा उभा आहे आणि तो सरळ ‘सॅम्पल्स’ना जाऊन भिडतो. नमुने दोन, प्रत्येकी तासाभराचा.

आणि एकही हायफन नसता तर? ‘टू अवर ओल्ड सॅम्पल्स’ वाचून माणूस थबकतो. काहीतरी राहिलंय हे डोळ्याला कळतं, मग तो संदर्भ बघतो, बहुधा बरोबर अंदाज बांधतो किंवा उठून विचारतो. म्हणून मी अर्ध्या हायफनला शून्य हायफनपेक्षा वाईट मानते. शून्य हायफनचं वाक्य आपलं अपुरेपण लपवत नाही. अर्धवट हायफनचं वाक्य पूर्ण दिसतं, आणि लेखकाने विचार करूनच रेघ घातली असणार असा वाचकाचा समज होतो.

मराठीत असा गोंधळ सहसा होत नाही, कारण ‘तासांपूर्वीचे’ यातला प्रत्यय कोण कुणाचा हे सांगून टाकतो. इंग्रजी विशेषणांना असे प्रत्यय नाहीत, म्हणून ते काम जागा आणि रेघ करतात. आपल्याकडून हायफन सुटतो तो याच सवयीमुळे असं मला वाटतं. आपण अर्थ मनात जोडलेला असतो आणि कागदावर जोडायचं राहून जातं. उलटी चूकही आपल्याकडे फार दिसते: ‘टू-अवर्स-ओल्ड’. दोन तास म्हणजे अनेकवचन हवं असं वाटतं खरं, पण नामाआधी विशेषण म्हणून बांधलेल्या मोळीत एकक एकवचनीच राहतं. नामाच्या मागे गेलं की मोळी सुटते, हायफन जातात आणि अनेकवचन परत येतं: ‘द सॅम्पल्स आर टू अवर्स ओल्ड.’ एसओपीत हे दुसऱ्या प्रकारचं वाक्यही एका ठिकाणी होतं, तीन पानं पुढे. तिथे अर्थ शाबूत होता. दुसऱ्या शाखेने तेवढ्या पुढे वाचलं असतं तर विसंगती दिसली असती, पण एसओपी कादंबरीसारखी कुणी वाचत नाही.

बैठकीत झालेली वादावादी

कारण सापडल्यावर मी बाकीच्या दस्तऐवजात अशाच धोक्याच्या जागा शोधल्या. दोन खरोखर त्रासाच्या निघाल्या. ‘यूज्ड नीडल कंटेनर’ म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा डबा, की सुयांचा वापरलेला डबा? आणि ‘मोअर सेन्सिटिव्ह टेस्ट्स’, म्हणजे अधिक संवेदनशील चाचण्या, की आणखी काही संवेदनशील चाचण्या? यांत आयातीचा दोष नव्हता, मुळातच रेघ नव्हती. दुसऱ्या उदाहरणात एरवी कुणी हायफन घालत नाही. ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ यांना तो सहसा लागत नाही, पण संख्या की प्रमाण असा घोळ होत असेल तिथे घालावा लागतो.

गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांचं म्हणणं पडलं की एवढा धोका असेल तर हायफन पूर्णच काढून टाकू या. ‘मॅडम, ऑक्सफर्डनेसुद्धा काढलेत,’ ते म्हणाले. बातमी खरी आहे, तिचा निष्कर्ष चुकीचा आहे. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतले हायफन गेले. पण त्यात भरणा होता ‘आइस क्रीम’सारख्या नामांचा, जे सुटे झाले, किंवा ‘बम्बलबी’सारख्यांचा, जे एकसंध झाले. नाम एकटं उभं असतं, त्याची फोड चुकीची व्हायला पुढे काही नसतं. नामाआधीच्या विशेषणाचा प्रश्न वेगळा. ‘ट्वेंटी-ऑड पीपल’ म्हणजे वीसेक माणसं. रेघ काढा, वीस विक्षिप्त माणसं उरतात.

पत्रकारितेत हेच करून पाहिलं गेलं आहे. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१९ मध्ये हायफन ढिला केला; जोडी सर्वांच्या ओळखीची असेल तर रेघ नको, असा त्याचा रोख होता. संपादकांनी इतकी ओरड केली की ‘फर्स्ट-क्वार्टर टचडाउन’मधला हायफन त्याच वर्षी परत आणावा लागला. त्या नियमातलं तत्त्व मात्र मला पटतं. ‘चॉकलेट चिप कुकी’ कुणी चुकीची फोडत नाही. ओळख पक्की असेल तर रेघेची गरज कमी होते. फक्त ओळख कुणाची हे बघावं लागतं. डॉक्टरांना ‘स्मॉल सेल लंग कॅन्सर’ हायफनशिवाय बिनचूक कळतो, तो लहान पेशींचा कर्करोग. बाहेरच्या माणसाला तो फुफ्फुसाचा लहानसा कर्करोग वाटला तर त्याची चूक नाही. पुढे त्याला ‘नॉन’ लागलं की गंमत वाढते, कारण ‘नॉन-स्मॉल’ एवढीच जोडी बांधलेली दिसते आणि ‘सेल’ बाहेर राहतो. काही वैद्यकीय नियतकालिकं तिथे हायफनऐवजी जरा लांब असा एन डॅश वापरतात. त्यातून ‘नॉन’ हे दोन्ही शब्दांना मिळून लागलंय असं सुचवायचं असतं. मला तो उपाय नाजूक वाटतो, छापखान्याबाहेर तो फरक किती जणांच्या डोळ्यांना दिसतो देव जाणे.

दुसऱ्या टोकाला एक तरुण सहकारी होता. त्याने उत्साहाने सगळीकडे हायफन घातले. ‘फ्रेशली-ड्रॉन सॅम्पल्स’ हेही त्यात आलं. इथे तो नको. ‘फ्रेशली’ क्रियाविशेषण आहे, ते नामाला लागूच शकत नाही. ते ‘ड्रॉन’कडेच जाणार, मग बांधायचं कशाला? त्याला हा नियम सांगितल्यावर त्याने ‘ली’ने संपणाऱ्या सगळ्या शब्दांपुढचे हायफन शोधून काढून टाकले, आणि त्यात ‘अर्ली-मॉर्निंग सॅम्पल्स’ही सापडले. तिथे ‘अर्ली’ विशेषण आहे, ‘ली’वर जाऊ नये. तो परत घातला.

आकड्यांचं मात्र भांडण न होता मिटलं, कारण एसआय, म्हणजे मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतल्या, एककांच्या अधिकृत पुस्तिकेत ते स्पष्ट आहे. एकक चिन्हाने लिहिलं असेल तर आकडा आणि चिन्ह यांच्यात मोकळी जागा, विशेषण म्हणून वापरलं तरीही. एककाचं नाव पूर्ण लिहिलं तरच इंग्रजीचे नेहमीचे नियम आणि हायफन. म्हणून नळीवरच्या चिन्हांकित मापात रेघ नाही, ‘फाइव्ह-मिलिलीटर ट्यूब’मध्ये आहे.

वाक्य बदललं, आणि मग

आता मूळ वाक्याचं काय करायचं? सोपा मार्ग होता गळलेली रेघ परत घालण्याचा. ते बरोबरही ठरलं असतं. पण माझा विरोध होता. ज्या ठिकाणी चुकीच्या वाचनाने मोजमाप बदलतं, तिथे सगळा भार एका रेघेवर टाकायचा नाही, असं माझं मत आहे. रेघ आयातीत गळते, फोटोकॉपीत फिकी होते, मोठ्याने वाचून दाखवताना तर ती नसतेच. तक्त्याच्या शीर्षकात जागा नाही म्हणून हायफन राहू दे, आज्ञार्थी वाक्यात क्रियापद आणू या. मी लिहिलं: ‘रिपीट द टेस्ट ऑन सॅम्पल्स ड्रॉन टू अवर्स अर्लियर.’

लेखकांना ते पाठवताना मी सहज एक प्रश्न जोडला. ‘ड्रॉन’ हे मी गृहीत धरलंय. तुमच्या मनात दोन तास रक्त काढल्यापासूनचे आहेत ना? की नमुना प्रयोगशाळेत पोचल्यापासूनचे?

‘अहो, काढल्यापासूनचेच, दुसरं काय असणार!’ त्यांचं उत्तर लगेच आलं. तासाभराने दुसरा निरोप आला, जरा वेगळ्या सुरात. त्यांनी पहिल्या शाखेत फोन करून विचारलं होतं. तिथल्या नोंदपत्रकावर रक्त काढल्याच्या वेळेचा रकानाच नव्हता, फक्त ‘पोचल्याची वेळ’ होती. त्यांनी दोन तास तिथून मोजले होते. ज्या शाखेकडे दोन्ही रेघांचं बरोबर वाक्य होतं, तिचे नमुनेही दोन तासांचे नव्हते, त्याहून जुने होते. तिथली घट दोन तासांत फार तर होईल त्या १४ टक्क्यांच्या पुढे गेलेली मघापासून कागदावर दिसत होती, पण सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या शाखेच्या कमी आकड्याकडे होतं.

‘टू-अवर-ओल्ड’ कितीही नीट बांधलं तरी कधीपासून जुना हे ते विशेषण सांगू शकत नाही. त्यात क्रिया नाही, कर्ता नाही, सुरुवातीचा क्षण नाही. ‘फोर-पेज’ किंवा ‘फाइव्ह-मिलिलीटर’मध्ये ही अडचण येत नाही, कारण पानं आणि माप कुठून मोजायची याबद्दल दुमत नसतं. वय आणि मुदत सांगणाऱ्या विशेषणांत ती हमखास येते. तेव्हापासून ‘थर्टी-डे नोटीस’ किंवा ‘ट्वेंटी-फोर-अवर विंडो’ दिसली की मी हायफन बघते आणि लगेच कागदाच्या समासात लिहिते: कधीपासून?

दोन्ही शाखांचे आकडे बाद झाले आणि चाचणी पुन्हा लावली गेली. नोंदपत्रकात रक्त काढल्याच्या वेळेचा रकाना आला. आयातीआधी फाइलमधले सगळे न तुटणारे हायफन शोधून साधे करायचे, ही पायरी प्रणाली सांभाळणाऱ्यांनी आपल्या यादीत घातली. सुयांच्या डब्याचं लेबल बदललं, ‘कंटेनर फॉर यूज्ड नीडल्स’. ‘मोअर सेन्सिटिव्ह टेस्ट्स’वर लेखक आणि गुणवत्ता विभाग यांचं अजून एकमत नाही. नेमकं काय म्हणायचं होतं, यावरच त्यांचा वाद चालू आहे.